भाकड जनावराचे शेवटचे तीन महिने

हिशेब घरचा, हिशेब जगाचा



परभणी जिल्ह्यातील एका ताईंचे पत्र आले आहे. दारात दोन म्हशी आहेत. त्यांतली एक आटली. दोनदा भरवली तरी गाभ राहिली नाही. हेडी दारात येऊन गेला आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकून घरातली सगळी माणसे गप्प झाली. आता घरात दोन मते पडली आहेत. मालक म्हणतात, आजच दावे सोडून द्या, वैरण तरी वाचेल. सासूबाई म्हणतात, दोन-तीन महिने खाऊपिऊ घाला, अंग भरू द्या, मग विका. ताई विचारतात, खरे कोणाचे?

ज्या घराची सगळी पुंजी गोठ्यात दोन दाव्यांना बांधलेली असते, त्या घराला हा प्रश्न पोरांच्या फीइतकाच मोठा असतो. म्हणून आजचे सदर या एकाच पत्रासाठी ठेवले आहे.

काही वाचकांना विषय खटकेल. पहिले शील आपल्या सर्वांना ठाऊक आहे, आणि उपासकाने मांसाचा व्यापार करू नये असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे, हेही ठाऊक आहे. खावे की न खावे, विकावे की न विकावे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. मात्र न विकलेले जनावरही रोज वैरण खाते, आणि उपाशी ठेवलेले जनावर विकलेल्यापेक्षा कमी दुःख भोगते असे नाही. हिशेब दोन्हीकडे करावाच लागतो.

या हिशेबाचा बारकाईने अभ्यास कोणी केला असेल तर तो अमेरिकेतल्या गुराखी-शेतकऱ्यांनी आणि तिथल्या शेतकी विद्यापीठांनी. नेब्रास्का, साउथ डकोटा, कॅन्सस या मैदानी राज्यांत मांसासाठी गाई पाळतात. गाय वसंतात विते, वासरू उन्हाळाभर कुरणात आईबरोबर चरते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वासरे आईपासून तोडतात. त्याच दिवसांत डॉक्टर येऊन खांद्यापर्यंत मोजे चढवून एकेक गाय तपासतो. गाभण असेल ती राहते. गाभण नसेल, दात झिजलेले असतील, कास बिघडली असेल, पाय गेला असेल, किंवा माणसाच्या अंगावर धावून जाण्याची खोड असेल, तर ती कळपातून काढली जाते. अशा काढलेल्या गाईंच्या विक्रीतून त्या शेतकऱ्याच्या गोठ्याचे साधारण १५ ते २० टक्के उत्पन्न येते असे तिथले सल्लागार सांगतात. म्हणजे पाच-सहा रुपयांतला एक रुपया भाकड गाईचा. दुधाच्या गोठ्यांत तर दर वर्षी ढोबळमानाने तीनांतली एक गाय कळपाबाहेर जाते.

या म्हाताऱ्या गाईंचे मांस कुठे जाते? बहुतेक हॅम्बर्गरमध्ये. हॅम्बर्गर म्हणजे पावात घातलेली खिम्याची जाड टिकिया. तरुण बैलांना मका चारून गुबगुबीत केलेले असते, त्यामुळे त्यांचे तुकडे कापताना चरबीचा भाग फार उरतो. त्या चरबीत मिसळायला कोरडे, बिनचरबीचे मांस लागते. ते म्हाताऱ्या गाईकडून मिळते. ते कमी पडते म्हणून अमेरिका ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहूनही असे मांस मागवते. म्हणून तिथे रोडक्या गाईलाही गिऱ्हाईक असते, हे आधी ध्यानात घ्यावे.

पण सगळ्याच गाई एकाच वेळी काढल्या जात असल्याने नोव्हेंबरमध्ये बाजार भरून वाहतो आणि भाव वर्षातला सर्वांत खाली येतो. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत तो बहुतेक वर्षी चढतो. या दोन गोष्टींतून, म्हणजे रोडावलेली गाय आणि पडलेला भाव यांतून, तिला दोन-तीन महिने चारून मग विकण्याची रीत निघाली.

चारण्यापूर्वी ते गाईला गुण देतात. हाडांचा सापळा असेल तर १, चरबीने गोल झाली असेल तर ९. बरगड्या, माकडहाड, शेपटीचे मूळ, पाठीचा कणा यांवर नजर टाकून आणि हात फिरवून हे गुण ठरतात. एक गुण वाढायला साधारण ३५ ते ४५ किलो वजन चढावे लागते. आता तुम्हाला वाटेल, धष्टपुष्ट गाय आणखी चारावी म्हणजे आणखी पैसे. तसे नाही. ६ गुणांच्या पुढची गाय ते त्याच दिवशी विकतात. कारण तिच्या अंगावर पुढे चढते ती चरबी, आणि चरबी चढवायला चारा फार लागतो. चारायची ती ३-४ गुणांची. वासराने चोखून रोडावलेली, पण आतून निरोगी, दात शाबूत आणि चारही पायांवर नीट चालणारी. उपाशी अंगाला खाणे मिळाले की ते पहिल्या पन्नास-साठ दिवसांत झपाट्याने भरते. बाळंतीण किंवा आजारातून उठलेले माणूस कसे भरते ते आपण पाहिलेले आहे. त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो आणि चारा तेवढाच लागत राहतो.

रोडकी असण्याचे कारण मात्र नीट शोधावे लागते. खायला मिळाले नाही म्हणून रोडकी, ही एक गोष्ट. दात नाहीत म्हणून, पोटात जंत आहेत म्हणून, आत जुना आजार आहे म्हणून रोडकी, ही वेगळी गोष्ट. जंताचे औषध देऊन पाहता येते. दात परत येत नाहीत. आजारी गाईपुढे तीन महिने मका ओतला तरी तो उकिरड्यावरच जातो.

चारणीची रीत अशी. आधी जंताचे औषध. पहिला आठवडा बहुतांश वैरण, मका थोडा. मग दोन-तीन आठवड्यांत मका हळूहळू वाढवायचा. एकदम धान्य पुढे टाकले तर जनावर ते अधाशासारखे खाते, पोटात आंबटपणा वाढतो, रवंथ बंद पडते, खुरे दुखू लागतात, आणि कधी कधी जनावर दोन दिवसांत मरते. आपल्याकडे लग्नघरचे शिळे अन्न किंवा ज्वारीची रास खाऊन ढोरे मेल्याच्या बातम्या येतात, तो हाच प्रकार. दुधाची गाय असेल तर तिला आधी आटवायची, कारण दूध चालू असेपर्यंत खाल्लेले कासेत जाते, अंगावर येत नाही. आणखी एक मौजेची गोष्ट. हिरव्या कुरणावर वाढलेल्या गाईची चरबी पिवळी असते, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला पिवळी चरबी चालत नाही. दोनेक महिने मका खाल्ला की ती पांढरी होत जाते. आपल्या म्हशीला ही अडचणच नाही. गवतातला पिवळा रंग तिच्या अंगात टिकत नाही. तिचे दूध पांढरे, तशीच चरबीही पांढरी.

आता हिशेब. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या बाजाराचे आकडे तुम्ही घाला. समजा ४५० किलोची रोडकी गाय आहे. तिला ७५ दिवस चारले, दिवसाला सव्वा किलोच्या आतबाहेर, म्हणजे १ किलो २०० ग्रॅम वजन चढले. एकूण ९० किलो. गाय झाली ५४० किलोची. रोजचा कोरडा चारा-दाणा १२ किलो धरला तर ७५ दिवसांचा ९०० किलो झाला. म्हणजे एक किलो वजनाला दहा किलो चारा. आता चारा-दाणा सरासरी १२ रुपये किलो धरा. खर्च १०,८०० रुपये. जिवंत जनावराचा भाव किलोला ११० रुपये धरा. चढलेल्या ९० किलोंचे ९,९०० रुपये आले. म्हणजे नुसत्या चढलेल्या वजनावर ९०० रुपये बुडाले!

मग अमेरिकन शेतकरी वेडा आहे काय? वेडा नाही. गाय रोडकी होती तेव्हा तिचा भाव १०० होता. अंग भरल्यावर ती वरच्या प्रतीत गेली आणि हंगामही चढला, म्हणून भाव ११० झाला. ही दहा रुपयांची वाढ फक्त नव्या ९० किलोंवर मिळत नाही, जुन्या ४५० किलोंवरही मिळते. ते झाले ४,५०० रुपये. दोन्ही मिळून १४,४०० रुपये. चारा वजा जाता ३,६०० रुपये राहिले. त्यातून औषध, व्याज आणि अंगमेहनत. फायद्याची जागा ही आहे. वजनाने चाऱ्याचा खर्च जेमतेम निघतो, आणि हातात काही उरते ते जुन्या वजनाचा भाव वाढल्यामुळे. भाव वाढण्याऐवजी ९० वर उतरला तर हीच ५४० किलोची गाय ४८,६०० रुपयांना जाईल. आरंभी ४५,००० मिळत होते, वाढले फक्त ३,६००, चारा गेला १०,८०० चा. म्हणजे ७,२०० रुपये खिशातून. म्हणून सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. अर्धे बाजारावर आहे.

अमेरिकेचे हे सगळे वाचून तिथे सारे आलबेल आहे असे समजू नका. भाकड जनावराच्या बाबतीत मालकाचा मोह असा की काल विकायला हवे होते ते आज, आणि आज विकायला हवे ते महिनाभराने विकू. तोवर गाय लंगडी होते, मग बसते, आणि उठत नाही. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका दुधाच्या गाईत मेंदू सडवणारा ‘मॅड काऊ’ रोग सापडला. त्यानंतर २००४ च्या आरंभी, ज्या गुराला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही ते माणसाच्या खाण्यासाठी कापू नये, असा नियम झाला. नियमात एक फट राहिली. तपासणी झाल्यावर पडलेल्या गाईला डॉक्टर पुन्हा पाहून परवानगी देऊ शके. २००८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या चिनो गावच्या एका कत्तलखान्याचे चोरून केलेले चित्रण जगाने पाहिले. बसलेल्या, आजारी दुधाच्या गाईंना विजेचे झटके देऊन, ओझी उचलायच्या यंत्राने ढकलून उभे करत होते. साडेसहा कोटी किलो मांस परत मागवावे लागले. त्यातले पुष्कळ शाळांतल्या मुलांच्या जेवणासाठी गेलेले होते. गरीब मुलांच्या ताटात काय पडते याची चौकशी सगळीकडे शेवटी होते. २००९ साली ती फट बुजवली.

दुसरी खोट औषधांची. दुधाच्या गाईला कासदाह झाला की प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. गुण आला नाही की गाय विकून टाकतात. औषध अंगातच असते. म्हणून प्रत्येक औषधावर लिहिलेले असते की इतके दिवस दूध व मांस वापरू नये. अमेरिकेच्या सरकारी तपासणीत औषधाचा अंश सापडण्याच्या प्रकारांत दुधाच्या काढलेल्या गाईंचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. औषध अंगात उरल्याने काय होते याची आपल्याकडची साक्ष आकाशात होती. आजारी ढोरांना वेदनाशामक डायक्लोफेनॅक टोचत. ते ढोर मेले की गिधाडे खात आणि मरत. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले, तोवर नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती.

इंग्लंडचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे गुरांना मेलेल्या गुरांच्या मांस-हाडांचा भुगा चारत, त्यातून मॅड काऊ रोग पसरला. १९९६ साली तो माणसालाही होतो असे सरकारने मान्य केले आणि तीस महिन्यांपेक्षा मोठे कोणतेही गुरे खाण्यात येऊ नये असा हुकूम निघाला. भाकड गाईचा बाजार एका झटक्यात बंद. हा हुकूम २००५ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकला. या काळात लाखो गुरे मारून नष्ट केली, पण सरकार शेतकऱ्याला गुराच्या वजनावर भरपाई देत होते. बाजार सरकारने बंद केला, तेव्हा पैसेही सरकारने दिले.

आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आली. बैल आणि वळू यांना त्यात आणण्याची दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली केली, ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ पासून लागू झाली. म्हणजे वर सांगितलेला हिशेब आपल्याकडे गाय, बैल आणि खोंड यांना लागू नाही. भाकड गाय मरेपर्यंत सांभाळायची ती शेतकऱ्याने, आपल्या पदरचे घालून. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने दर दिवशी दर गाईमागे ५० रुपये देण्याचे ठरवले, पण ते गोशाळांना, आणि गोशाळेतल्या देशी गाईंसाठी. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला भाकड संकरित गाय उभी आहे, त्याच्या हाती त्यातले काही नाही. इंग्लंडच्या शेतकऱ्याला वजनावर मिळाले होते, हे वाचकांनी ताडून पाहावे.

आणि जनावर मेल्यावर? गावातले मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे पूर्वी ठरलेले होते. कोणाच्या खांद्यावर ते काम होते हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. हाडाची काडे झालेले ढोर जिवंतपणी ज्यांच्या दावणीला होते ते एक, आणि ओढून नेणारे दुसरे. मेल्या ढोराचे मांस खाऊ नका, असे बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत निक्षून सांगितले. ते काम सोडल्यावर गावोगाव बहिष्कार सोसून आपल्या आजोबा-पणजोबांनी निभावले. भाकड जनावर म्हणजे पुण्य की पाप, ही चर्चा करणाऱ्यांनी त्याचे शेवटचे ओझे कधी उचलले नव्हते, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

आता ताईंची म्हैस. म्हशीच्या बाबतीत कायदा असा की मादी म्हैस आणि पारडे कापण्यापूर्वी ते ओढकामाला, दुधाला किंवा पैदाशीला उपयोगी नाही असा अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि ते काम ठरलेल्या जागीच होते. दाखला घेणे घेणाऱ्याचे काम आहे, तरी आपण माहीत ठेवावे.

ताई, पहिली गोष्ट हेडीला परत बोलावण्यापूर्वी करा. म्हैस खरोखर भाकड आहे का, हे तपासून घ्या. अमेरिकन शेतकरीही तपासल्याशिवाय गाय काढत नाही. म्हैस उन्हाळ्यात बऱ्याचदा मुका माज करते. ती ओरडत नाही, सोट टाकत नाही, माज आला आणि गेला हे कळतही नाही. दिवस लहान होऊ लागले, पावसाळा सरला की तीच म्हैस उघड माजावर येते. उन्हाळ्यात भाकड म्हणून विकलेली म्हैस घेणाऱ्याच्या दारात दिवाळीनंतर गाभण राहते. हेडीला हे पक्के माहीत असते. तो तुमच्याकडून कसायाच्या भावाने घेतो आणि दुभत्याच्या भावाने विकतो. तेव्हा सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा. गर्भाशयाला सूज आहे का, गाठ आहे का, की नुसते अंग खालावले आहे, हे हात घालून तपासल्यावर सांगता येते. शेवटचे कारण असेल तर जंताचे औषध, खनिज मिश्रण आणि पोटभर खाणे एवढ्यावर पुष्कळ म्हशी पुन्हा लागतात. इथे सासूबाईंचे खाऊ घालणे पूर्ण खरे ठरते.

डॉक्टरांनी सांगितले की ही राहणार नाही, तर दुसरी गोष्ट टेपची. शिंप्याकडची सेंटिमीटरची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आणि १०,८०० ने भागा. येईल ते साधारण वजन किलोत. घेर १८० आणि लांबी १४० असेल तर ४२० किलो. शाळेत जाणारी मुलगी घरात असेल तर तिच्याकडून करून घ्या. रुमालाखाली बोटे दाबून होणाऱ्या सौद्यात वजन फक्त हेडीला कळत असते. ते तुम्हालाही कळले की बोलणे वेगळे होते.

मग चारायचे की नाही? घरचा कडबा भरपूर आहे, उसाचे वाढे मिळताहेत, भरडा घरच्या मक्याचा आहे, आणि म्हैस रोडकी पण निरोगी आहे, तर दोन महिने चारा. सगळी वैरण विकत असेल तर चारू नका. अंगावर मांस असेल तर चारू नका. अमेरिकन गायीसारखे रोज सव्वा किलो वजन आपल्या म्हशीला चढेल अशी आशाही धरू नका. दर पंधरवड्याला टेप लावा. दोनदा मोजून घेर वाढला नसेल तर तिथेच थांबा, त्यापुढचा प्रत्येक दिवस तोट्याचा. आणि चाराटंचाई लागण्याच्या आधी विका. टंचाईत सारा तालुका एकाच दिवशी बाजारात उतरतो.

कासेला किंवा तापाला इंजेक्शन दिले असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटू द्या. कानात बिल्ला नसेल तर दवाखान्यातून मारून घ्या, त्याशिवाय वाटेत अडवतात. बाजारच्या दिवशी वजन भरावे म्हणून बादलीभर मीठ-पाणी पाजण्याचा जो उद्योग काही लोक सांगतात तो करू नका, आणि पाणी तोडूही नका. लंगडत असेल तर टेम्पोत चढवू नका, डॉक्टरांना घरीच दाखवा. पैसे रोख मोजून घ्या आणि बाजार समितीची पावती आपल्या नावावर करून घ्या. ताई, म्हशीला वैरण-पाणी तुम्ही करता, तर पावतीवर नावही तुमचेच असू द्या.